खोचरेवाडीचे लाल ठिपके

केतकी सरनोबतनं पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा आणला, एक बटण दाबलं, आणि नकाशाच्या अंगावर गोवर उठावा तसे लाल ठिपके उमटले. इंगवले साहेबांचा चहाचा कप ओठांपाशी गेला होता, तो तिथंच थांबला.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"गळती, सर," केतकी म्हणाली. "जिथं आपले सभासद आपल्याला दूध घालायचं थांबवतायत, ती गावं. ठिपका जितका मोठा, तितकी जास्त माणसं सोडून जातायत."

"आणि हा सगळ्यांत मोठा?"

"खोचरेवाडी."

साहेबांनी कप खाली ठेवला, खुर्ची पुढं ओढली आणि 'वा!' म्हणाले. मी त्यांच्या डाव्या हाताला बसले होते. ते आमच्या दूध संघाचे कार्यकारी संचालक, म्हणजे संघाचा रोजचा गाडा हाकणारे. नऊ वर्षांत ह्या माणसानं माझ्या कुठल्याही कामाला 'वा' म्हटलेलं मला आठवत नव्हतं. 'ठीक आहे, ठेवा', एवढंच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, आणि तो तोंडावर दिसू नये म्हणून मी समोरच्या बशीतलं बिस्किट तोंडात कोंबलं.

मी उज्ज्वला मगदूम. संख्याशास्त्रात एम. एस्सी. केलं, लग्न झालं, आणि संघात आकडेवारी सांभाळायला लागले. आमचा संघ म्हणजे सातशे गावांतल्या दूध संस्थांचा मिळून झालेला. प्रत्येक गावात सकाळ-संध्याकाळ माणसं दूध घेऊन संस्थेत येतात, तिथं लिटर मोजतात, फॅट काढतात, आणि ते सगळं नावासकट आमच्या कॉम्प्युटरवर येऊन पडतं. दिवसाला लाखाच्या वर नोंदी. त्यात एकच माणूस तीन तऱ्हांनी लिहिलेला, कुठं फॅटच्या जागी लिटर आणि लिटरच्या जागी फॅट, कुठं सचिवानं कंटाळून अख्ख्या गावाला एकच आकडा ठोकून दिलेला. हे सगळं निवडून-पाखडून स्वच्छ करायचं काम माझं. दर महिन्याला मी त्याचा जाडजूड अहवाल करायची. सत्तर तक्ते. तो साहेबांच्या कपाटात जायचा आणि तिथंच राहायचा. एकदा त्यांच्या केबिनची खिडकी वाऱ्यानं आपटत होती, तेव्हा शिपायानं फटीत माझा मार्च महिना घातलेला मी ह्या डोळ्यांनी पाहिलाय.

आणि ही पोरगी येऊन तीन महिनेही झाले नव्हते. पुण्यातून एमबीए झालेली. बोलताना ताकात रवी घुसळावी तसे हात फिरवायची. मी निवडून ठेवलेली आकडेवारी तिनं उचलली आणि त्याचे ठिपके केले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. माझ्या सत्तर तक्त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं ते तिच्या एका चित्रानं सांगितलं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं, आणि कळत होतं म्हणून जास्त झोंबत होतं.

शिवाय गोष्ट नुसत्या 'वा'ची नव्हती. संघात नवा माहिती विभाग निघणार होता. तोवर आमची दोन टेबलं हिशेब खात्याच्या कोपऱ्यात होती. आता स्वतंत्र खोली, स्वतंत्र माणसं आणि एक विभागप्रमुख नेमायचा होता. ती खुर्ची माझी, असं मी धरूनच चालले होते. नवऱ्याला सांगून झालं होतं, जावेलाही सांगून झालं होतं. आणि जावेला सांगितलेली गोष्ट झाली नाही तर काय होतं, ते ज्यांना जाऊ आहे त्यांना मी सांगायला नको. पुढच्या सोमवारी संचालक मंडळाची बैठक होती. केतकी तिथं ठिपके दाखवणार, आणि बैठक संपली की साहेब प्रमुखाचं नाव सांगणार, असं ठरलं होतं.

बाहेर आल्यावर केतकी माझ्यापाशी आली.

"कसं वाटलं, ताई?"

"रंग छान आहे," मी म्हणाले.

"तुमचा डेटा इतका स्वच्छ नसता तर हे झालंच नसतं. मी सरांना सांगितलं तसं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हो का."

ती हसली. मुलगी खरोखरच चांगली होती, हा आणखी एक ताप. तिरसट असती, खोटं बोलणारी असती, तर मी मनमोकळा द्वेष करून मोकळी झाले असते. ती घरून शेंगदाण्याचे लाडू आणायची आणि पहिला मला द्यायची. लाडूही चांगले असायचे.

त्या दिवसापासून मी तिचं काम तपासायला घेतलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. सुनेनं निवडलेले तांदूळ सासू पुन्हा ताटात ओतून घेते, तशी मी बसले. आधी बेरजा पाहिल्या. बरोबर. मग तिनं कुठली गावं वगळली ते पाहिलं. योग्य तीच वगळली होती. मग 'सभासद गेला' असं ती कधी धरते ते पाहिलं. महिनाभर एकदाही दूध आलं नाही की गेला. तेही रास्त. तीन दिवस मी डबासुद्धा टेबलावरच खाल्ला आणि खडा म्हणून सापडला नाही. काम चोख होतं. असा संताप आला की काय सांगू.

"सापडली का चूक?" सुधाकरनं, म्हणजे नवऱ्यानं, जेवताना विचारलं.

"नाही."

"मग चांगलंय की."

"काय चांगलंय त्यात?"

"संघाचं काम बरोबर झालंय."

"मी तुम्हाला संघाचं विचारलं नव्हतं," मी म्हणाले. त्यानं मुकाट्यानं आमटी वाढून घेतली.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. बाकीचे गेले, मी थांबले. सगळा जिल्हा बघून काही हाती लागत नव्हतं, म्हणून एकच गाव घेतलं. खोचरेवाडी, सगळ्यांत मोठा ठिपका. तिथले जवळजवळ निम्मे सभासद दोन-तीन महिने दूध घालत होते आणि मग गप्प होत होते. केतकीनं लिहिलं होतं की ही माणसं खासगी डेअरीच्या गाडीला दूध द्यायला लागली. पण गावाचं एकूण दूध पाहिलं तर ते घटलंच नव्हतं. त्याचं कारणही तिनं खाली बारीक अक्षरात दिलं होतं: उरलेल्या सभासदांनी नवी जनावरं घेतली असावीत.

इथं मी थबकले. म्हशी म्हणजे काय मेथीच्या जुड्या आहेत, की एक गेली म्हणून कुणी लगेच दुसरी घेऊन आलं?

मी गेलेल्यांपैकी एक नाव घेतलं. कोंडाबाई आनंदा खोत. तिचं दूध एका संध्याकाळी थांबलं होतं. साडेचार लिटर, फॅट लागली होती सात पूर्णांक चार. मग मी पाहिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावात कुणाचं नाव नव्यानं सुरू झालं. आनंदा ज्ञानू खोत. साडेचार लिटर. फॅट सात पूर्णांक चार. योगायोग असेल म्हणून पुढं गेले. आनंदाचं थांबलं तिथून संभाजी आनंदा खोत सुरू. संभाजी थांबला तिथून सुवर्णा संभाजी खोत. चौघांची नावं पुसून टाकली आणि फॅट एका ओळीत मांडली, तर मध्ये कुठं सांधासुद्धा दिसेना. हळूहळू चढत गेलेली एकच रेघ. आणि उन्हाळ्यात दोन महिने चौघंही एकदम गप्प, कुणाचंच दूध नाही. म्हणजे म्हैस आटली होती. नंतर व्यायली तेव्हा कोंडाबाईचं नाव पुन्हा सुरू झालं होतं.

मी आणखी दहा-बारा घरं काढली. सगळीकडं तीच तऱ्हा. माझ्या पोटात आनंदाची उकळी फुटली. खोटं कशाला बोलू, संघाचं भलं झालं म्हणून ती फुटली नव्हती.

पण लोक असं का करत असतील ते मला उलगडेना. मी माहेरी फोन लावला.

"आई, आपल्याकडं सध्या दूध कुणाच्या नावावर घालताय?"

"सध्या व्हय? धाकट्याच्या," आई म्हणाली. "श्रावणापतूर तुझ्या बाच्या नावावर हुतं. दिवाळी झाली की वैनीच्या नावावर घालायचं."

"असं का फिरवताय?"

"का म्हंजे? घरात मतं नगंत व्हय? एकाच्याच नावावर घातलं तर बाकीच्यांचं सभासदपण ऱ्हातंय का? तुझ्या संघानंच केलाय न्हवं तसला नियम, वर्साला इतकं दूध घातलं तरच मत. म्हस एक आन् मतं चार. मग काय करायचं मानसानं?"

"हे सगळ्या गावात करतात?"

"तू काय परदेशात वाढलीस व्हय गं?" आई म्हणाली. "बरं, सणाला येणार हायस का न्हाई, ते सांग."

मी त्याच घरात वाढले होते. संस्थेत दूध घालायला जाताना किटली मीच धरलेली असायची, पण नाव कुणाचं सांगायचं ते थोरली माणसं बघायची. आणि नऊ वर्षं तेच घर, तसली हजारो घरं, माझ्या समोरच्या ढिगात पडून होती. मी नावं निवडत बसले, म्हैस कधी पाहिलीच नाही. ही केतकी आली नसती, आणि तिच्यावर मी इतकी जळले नसते, तर त्या दिवशीही पाहिली नसती. पण हा विचार मला फार वेळ करवला नाही. सोमवारी कुठली साडी नेसायची, तो विचार जास्त गोड होता.

तिला आधी सांगावं असं मनात आलं का? आलं. आलं तसं गेलं. मला बंद खोलीतली कबुली नको होती. भरल्या सभेत त्या लाल ठिपक्यांवर पाणी पडलेलं मला बघायचं होतं. अजूनही मला त्याचं वाईट वाटत नाही.

सोमवारी मी मोरपंखी इरकल नेसले. बैठकीला संचालक मंडळी जमली, फेट्याची, टोपीची, एकदोन कडक इस्त्रीच्या सफारीतली. केतकीनं नकाशा लावला. ठिपके उमटले तशी सगळी माना पुढं काढून बघायला लागली. आपापलं गाव शोधायला लागली. ज्यांच्या गावावर ठिपका नव्हता ते खुर्चीत ऐसपैस झाले.

"खोचरेवाडीला आपण दूध थंड करायची मोठी टाकी बसवणार होतो," केतकी म्हणाली. "पण ते गाव आपल्या हातातून चाललंय. माझी शिफारस अशी, की टाकी तिथं बसवू नये. जिथं सभासद टिकून आहेत तिथं बसवावी. आणि खोचरेवाडीचं संकलन शेजारच्या गावाला जोडून टाकावं."

"मग आमच्या कसब्याला द्या की टाकी," बापूसाहेब शिंत्रे लगेच म्हणाले. हे संचालकांतले सगळ्यांत वजनदार. "आमच्याकडं एक ठिपका न्हाई. मानसं कशी दावणीला बांधल्यागत हायत."

बाकीच्यांनीही माना हलवल्या. साहेब काही लिहायला लागले. मी उभी राहिले.

"साहेब, मला थोडं बोलायचंय."

केतकीनं माझ्याकडं बघून हसून मान डोलावली. तिला वाटलं, मी तिचं कौतुक करणार. मी तिच्या नकाशाची जागा घेतली आणि पडद्यावर चार नावं आणली: कोंडाबाई, आनंदा, संभाजी, सुवर्णा.

"खोचरेवाडीची ही चार माणसं आपल्याला सोडून गेली, असं हा नकाशा सांगतो," मी म्हणाले. "आता ह्यांच्या दुधाची फॅट बघा. एक थांबतो तिथं दुसरा सुरू होतो, त्याच फॅटला, तितक्याच लिटरला. आटतात चौघं एकदम. हे कुठंही गेलेले नाहीत. कागदावर ही चार माणसं आहेत. दावणीला जाऊन बघाल तर ही एकच म्हैस आहे."

मग मागच्या रांगेतले एक टोपीवाले मांडीवर थाप मारून म्हणाले, "आयला, हे तर आमच्या घरात बी चालतंय!"

आणि मग जो गलका झाला! "आमची म्हातारी असंच करती की." "आवो, मतासाठी करावंच लागतंय." "आमच्याकडं तर लेकीचं लग्न झालं तरी तिच्या नावावर महिनाभर घालत्यात." प्रत्येकाच्या घरात एकेक म्हैस चार-चार नावं पोसत होती. बापूसाहेब तेवढे गप्प होते. ते निवडून यायचे तेच मुळी असल्या मतांवर, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

गंमत अशी, की त्या खोलीत ही रीत माहीत नसलेली माणसं फक्त दोन. एक केतकी, आणि शनिवारपर्यंत मी. बाकी सगळी ती जन्मापासून पाळत आली होती. तरी ठिपके बघून सगळ्यांनी माना हलवल्याच. पडद्यावर रंगीत होऊन आलं की स्वतःच्या गोठ्यातली म्हैससुद्धा माणसाला ओळखू येत नाही.

मी केतकीकडं बघितलं. ती कानापर्यंत लाल झाली होती. तो लाल रंग बघायला मी आठवडाभर उपाशी होते, आणि तो मी पोटभर बघून घेतला.

मग ती उठली. मला वाटलं, बाहेर जाणार. ती सरळ माझ्याकडं आली आणि पडद्यावरच्या त्या रेघेपुढं उभी राहिली.

"ताई, प्रत्येक म्हशीची फॅट अशी ओळखू येते?"

"अगदी प्रत्येकीची नाही. पण घराचं दूध ओळखू येतं. लिटर आणि फॅट मिळून."

"मग आपण माणसं मोजायचीच कशाला?" ती म्हणाली. मघाची लाली गेली होती आणि हात पुन्हा फिरायला लागले होते. "नावं सोडून देऊ. फॅटवरून घरं जोडू. अख्ख्या घराचं दूध कमी झालं, तर ती खरी गळती. सर, म्हणजे आजचा नकाशा चुकलाय तो दोन्हीकडून. खोचरेवाडीत ठिपका नकोय. आणि जिथं आज ठिपका नाही, नावं सगळी जागच्या जागी आहेत, तिथं लोक मतापुरतं थोडं-थोडं दूध आपल्याला घालून बाकीचं बाहेर देत असतील. ते आपल्याला दिसलेलंच नाही."

सगळे एकदम बापूसाहेबांकडं वळले.

"म्हंजे आमच्या कसब्यात?" बापूसाहेब म्हणाले, आणि खोली हसली.

इंगवले साहेबांनी पेन खाली ठेवलं. "वा!" ते म्हणाले. तिच्याकडं बघून म्हणाले.

माझा विजय चहा येईपर्यंतसुद्धा टिकला नाही. म्हैस मी शोधली. पण तिची धार काढायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी चूक दाखवून थांबले होते, आणि ती त्याच चुकीवर उभी राहून पुढचं बघत होती, तेही दहा माणसांदेखत, उभ्या उभ्या. मघाशी जेवढी जळत होते त्याच्या दुप्पट जळले.

बैठक उठल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बसा, मगदूम मॅडम. किती दिवस तपासत होतात?"

"आठवडाभर."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"मग कशासाठी?"

संघाचं हित वगैरे उत्तर माझ्या तोंडाशी तयार होतं. पण ते माझ्याकडं असं बघत होते की ते बाहेर येईना.

"मला ती खुर्ची हवी होती, साहेब. ती तिला मिळालेली मला बघवली नसती."

ते मोठ्यानं हसले. "एवढं सरळ उत्तर आमच्या मंडळात कुणी देत नाही." मग हसू आवरून म्हणाले, "प्रमुख केतकीच होईल."

माझे कान तापले. "चूक तिची, आणि प्रमुखही तीच?"

"तुम्ही चूक शोधलीत. त्या चुकीचं काय करायचं ते तिनं शोधलं, आणि बापूसाहेबांना कळेल अशा भाषेत सांगितलं. मॅडम, तुमचे अहवाल मी वाचायला घेतो. खरंच घेतो. तिसऱ्या तक्त्याला मला झोप येते. माझा दोष असेल. पण संघ माझ्यासारख्या माणसांनाच चालवायचाय."

रडू येत होतं, ते मी इरकलीच्या काठाकडं बघत गिळलं. जावेचा चेहरा डोळ्यांसमोर आला होता.

"आता पुढचं ऐका," साहेब म्हणाले. "तिचा एकही कागद तुमच्या सहीशिवाय ह्या टेबलावर येणार नाही. तुमचाही तिच्या सहीशिवाय नाही."

"म्हणजे मी तिच्या हाताखाली काम करायचं?"

"हाताखाली नाही. मानगुटीवर बसा." ते पुढं झुकले. "शुक्रवारी ती माझ्याकडं आली होती. ताईंना एकदा दाखवून घेऊ का, म्हणून. मी नको म्हटलं. ती घेऊन आली असती तर तुम्ही तिचा लाडू खात चार पानं उलटली असती आणि छान आहे म्हणाला असता. मैत्रीत माणूस तेवढंच वाचतो. तुम्ही न सांगता तिच्या कामाला लागलाय, ते मला दिसत होतं. एवढं कसून तपासणारं माणूस पगार देऊन मिळत नाही हो. म्हणून एक विनंती आहे. तुम्ही दोघी जमवून घेऊ नका."

मी उठून बाहेर आले. जावेला त्या संध्याकाळी काय सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही.

मी साहेबांची विनंती पाळली. टाकी खोचरेवाडीला बसली. घरं जोडून नवा नकाशा झाला, आणि कसब्याचा ठिपका एवढा मोठा निघाला की बापूसाहेब पुढच्या दोन बैठकांना आजारी पडले. त्या नकाशावरून गाड्यांचे मार्ग ठरायला लागले, जनावरांचे डॉक्टर कुठं पाठवायचे ते ठरायला लागलं. केतकीचा प्रत्येक कागद मी वैऱ्यासारखा वाचला, आणि माझे अहवाल तिनं. "सातवा तक्ता कुणासाठी आहे, ताई?" असं विचारत विचारत तिनं माझे सत्तर तक्ते चारावर आणले, आणि प्रत्येक तक्त्याला मी भांडले. ती पुण्याला भाषण द्यायला गेली की मी दिवसभर कुणाशी बोलायची नाही. ऑफिसात आम्हाला बहिणी-बहिणी म्हणायचे. म्हणणाऱ्यांना बहिणी नसाव्यात.

मग तिला बंगळूरला फार मोठी नोकरी लागली आणि ती गेली. इंगवले साहेब त्याआधीच निवृत्त झाले होते. ती खुर्ची मला मिळाली. उशिरा का होईना, माझ्या नावाची पाटी दारावर लागली, आणि जावेला मी पेढे दिले.

खुर्चीत बसल्यावरचा पहिला मोठा अहवाल मी तयार केला. त्यात सांगितलं होतं की आपल्या दुधाची आणि श्रीखंडाची विक्री गेल्या वर्षीपेक्षा बरीच उतरलीय, तेव्हा शहरातली काही दुकानं बंद करावीत. हाताखालच्या पोरांना वाचायला दिला. "छान झालाय, मॅडम," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला. पुन्हा छान. मला भीती वाटायला लागली. शेवटी मी तो केतकीला पाठवला. 'सवड मिळेल तेव्हा बघ', असं लिहिलं. तिच्यामागं केवढी कामं असतील, महिनाभर तरी उत्तर येणार नाही, असं धरून होते.

जेवायच्या सुट्टीत तिचा फोन आला.

"ताई, ह्या वर्षी अधिक महिना होता. दिवाळी पुढं गेलीय. तुम्ही ऑक्टोबरशी ऑक्टोबर लावलाय, पण ह्या ऑक्टोबरात दिवाळी आलीच नव्हती. विक्री उतरलेली नाही. दुकानं बंद केलीत तर ऐन सणात पंचाईत होईल."

मी कपाळाला हात लावला. घरात मी अधिकातलं वाण दिलं होतं, आणि ऑफिसात विसरले होते.

"सकाळी पाठवला तुला," मी म्हणाले. "इतक्यात वाचलास कधी? तिथं कामं नाहीत का?"

"आहेत की. सगळी बाजूला ठेवली. पहिल्याच पानावर दिसलं ना, विभागप्रमुख, उज्ज्वला मगदूम. खोटं कशाला बोलू ताई, पोटात दुखलं माझ्या. मग चूक सापडल्याशिवाय उठले नाही. आणि आजचं नाही हे. त्या म्हशीपासूनचं आहे."

इतकी वर्षं मी समजत होते, की जळणारी मी एकटीच.

"बरं झालं," मी म्हणाले. "पुढच्या महिन्याचाही पाठवते."